तांबीचं चाकांवरचं घर

मी एक जुनी आरव्ही आहे, मित्रांनो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. माझ्या पोटात शेगडी आहे, मोरी आहे, दोन माणसांचं अंथरूण आहे आणि पुढे स्टिअरिंग आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं म्हणतात, ते माझ्याकडे पाहूनच सुचलं असावं, असा माझा आपला समज आहे. हल्ली ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी एका घराशेजारी मी उभी असते. टायर बसलेत, छत गळतं, आणि तरीही चढाचा रस्ता आठवला की जीव कासावीस होतो.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पहिला मालक मला उन्हाळ्यात चार दिवस फिरवायचा आणि उरलेलं वर्ष ताडपत्रीखाली झाकून ठेवायचा. असलं मखरातलं जिणं मला मुळीच मानवलं नाही. मग १९९३ साली ईश्वर आणि पद्मजा आले. तो इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा, ती नर्स होती. लेक दीक्षा मोठी होऊन नोकरीला लागली, तशी दोघांनी रिटायरमेंट घेतली, घर विकलं आणि माझ्या पोटात राहायला आली. ओळखीच्या मराठी मंडळींनी तोंडात बोटं घातली. "माणसं रिटायर झाल्यावर क्रूझला जातात यार, हे काय भलतंच?" असं एक काका माझ्यासमोरच म्हणाले. मला राग आला होता.

ईश्वरने त्यांना शांतपणे सांगितलं, "लहानपणी आमच्या गावात कुणी कुठल्या वाटेने जायचं, हे दुसरेच ठरवायचे. इथे डोंगरावरच्या वाटेवर कुणी काही विचारत नाही. तेवढ्यासाठीच जायचंय."

पद्मजाने बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर माझ्या भिंतीला स्क्रूने पक्की बसवली, वळणावर पडायला नको म्हणून. शेल्टरमधून दोन कुत्री आणली. गोट्या नावाप्रमाणेच गोल आणि बिनडोक. तांबी मात्र शहाणी होती. लालसर अंगाची, एक कान दुमडलेली.

यूटा, वायोमिंग, कोलोरॅडो, आम्ही कुठे म्हणून गेलो नाही! पायवाट सुरू व्हायची तिथे मला उभं करायचं, पाठीला पिशव्या लावायच्या आणि चौघांनी चालू लागायचं. मी मागे राहायचे. शेकडो डोंगरांच्या पायथ्याशी मी उभी राहिले, पण एकही शिखर पाहिलं नाही. कुत्र्यांच्या पायांना लागून आलेली माती, केसांत अडकलेले काटे, एवढाच डोंगर माझ्या वाट्याला यायचा. पण संध्याकाळी तांबी सगळ्यांच्या आधी धावत यायची आणि माझ्या पायरीवर बसून मागच्यांची वाट पाहायची. तिला ठाऊक होतं, घर कुठे आहे ते. तिचं ते अंग टेकून बसणं म्हणजे माझं सगळं सुख होतं.

१९९६ च्या शरद ऋतूत आम्ही कोलोरॅडोच्या रानातल्या एका कॅम्पग्राउंडवर होतो. ऊन छान कोरडं पडलं होतं, आणि ते पाहून पद्मजाला माहेर आठवलं. तिने मटणाच्या लांब पट्ट्या कापल्या, हळद-मीठ चोळलं आणि चान्या वाळवायला माझ्या छतावर दोरी बांधली. तिची आई पावसाळ्याची बेगमी अशीच करायची. खाण्याचं काही उघड्यावर ठेवू नका, इथे अस्वलं आहेत, असा फलक समोरच होता. ईश्वरने तो दाखवलाही.

"उघड्यावर कुठे? छतावर आहे की. अस्वल काय शिडी चढून येणार आहे?" पद्मजा म्हणाली.

अस्वल माझ्या पाठीमागची लोखंडी शिडी चढूनच आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं चहा पीत असताना माझं छत करकरलं. तांबी दारातून बाणासारखी सुटली आणि भुंकभुंक भुंकली. अस्वल तोंडात दोरीसकट चान्या घेऊन खाली उतरलं आणि झाडीत शिरलं. तांबी त्याच्या मागे गेली. दोघांनी हाका मारून रान डोक्यावर घेतलं. ती आली नाही.

संध्याकाळी जंगल खात्याचा रेंजर आला. अस्वलाला चव लागलीय, ते परत येईल, तेव्हा उद्या सकाळपर्यंत ही जागा सोडा, असं त्याने सांगितलं. माणूस भला होता, कुत्रीचं वर्णनही विचारून गेला. तो गेला आणि ईश्वर सामान आवरू लागला.

"अहो, त्यांनी सकाळपर्यंत टाइम दिलाय. आजची रात्र थांबू," पद्मजा म्हणाली.

"नको. चूक आपली आहे. उद्या त्याने येऊन पुन्हा सांगावं, ही वेळच नको. खालच्या कॅम्पग्राउंडला जाऊ. पाच मैल तर आहे. तिथून शोधू."

"ती इथे येईल हो."

"येईल गं. सकाळी आपण असूच ना इथे."

मित्रांनो, ईश्वर वाईट नव्हता. कुणाला नाव ठेवायला जागा द्यायची नाही, या एकाच धाकात त्या माणसाने परक्या देशात सगळी नोकरी केली होती. दुसऱ्याने जा म्हणायच्या आत तो उठायचा. त्या संध्याकाळीही तो उठला, आणि त्याने किल्ली फिरवली. मला ब्रेक लावून तिथेच रुसून बसता आलं असतं तर! पण आम्हा गाड्यांना फिरवलं की फिरावं लागतं.

सकाळी आम्ही परत आलो. त्या रात्री पहिलं दहिवर गोठलं होतं आणि सगळी जमीन पांढरी झाली होती. फक्त माझी पायरी जिथे टेकायची, तिथे पाचोळ्यात एक गोल खळगा काळाच होता. त्यात दहिवर नव्हतं. लालसर केस होते. ती आली होती. घर नव्हतं, तरी रात्रभर घराच्या जागेवर बसली होती, आणि उजाडल्यावर आम्हाला शोधायला निघून गेली होती.

पद्मजा त्या खळग्याशी बसली आणि तिने हंबरडा फोडला. ईश्वर उभाच राहिला.

बर्फ पडून रस्ता बंद होईपर्यंत आम्ही त्या भागात राहिलो. दोघं रोज पायवाटा तुडवायची. तांबीला वास लागावा म्हणून पद्मजाने अंगातला स्वेटर त्या खळग्यात ठेवला होता. एकदा गावातल्या दुकानाबाहेरच्या फोनवरून तिने दीक्षाला सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. दीक्षाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मॉम, डोन्ट वरी. डॉग्ज ऑल्वेज फाइंड देअर होम."

"तिने शोधलं गं," पद्मजा म्हणाली. "आम्हीच हलवलं."

त्यानंतर डोंगर संपले. ती दोघं दीक्षाकडे डब्लिनला आली. गोट्या घरात झोपू लागला. मला अंगणाच्या कडेला लावलं, ती मी तिथेच आहे. पद्मजा कधीतरी येऊन माझी मोरी पुसते. ईश्वर स्टिअरिंगसमोर बसतो, पण किल्ली आणत नाही.

परवा वस्तीच्या कमिटीचा माणूस आला. जुनी गाडी शोभत नाही, शेजाऱ्यांची तक्रार आहे, महिनाअखेर हलवा, म्हणाला. दीक्षा म्हणाली, "बाबा, लेट इट गो. जंकयार्डवाले येऊन घेऊन जातील." मला वाटलं, आता ईश्वर महिनाअखेरपर्यंतही थांबायचा नाही.

मित्रांनो, मी आता फार काही मागत नाही. माझे टायर भरू नका, छतही गळू दे. फक्त एवढंच ऐका. आपलं कुणी रानात राहिलं असेल, तर लोकांच्या भीतीने घर हलवू नका. आणखी एक रात्र थांबा. तांबी हजार मैल चालून डब्लिनला यायची नाही, हे मला कळतं. ईश्वरलाही कळतं.

तरी तो कमिटीच्या त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी इथेच राहील. तुम्हाला काय करायचं ते करा." मग तो माझ्याकडे आला, वाकला, आणि माझी पायरी ओढून त्याने जमिनीला टेकवली.