काळा दोरा

मित्रांनो, मी दोर आहे खरा, पण उभ्या आयुष्यात मी एक घागरही वर ओढलेली नाही. माझं काम वेगळं. मी विहिरीत उतरतो, पाण्याला टेकतो आणि पाणी किती खाली आहे ते वर येऊन सांगतो. एवढ्याशा कामापायी एकदा भरल्या सभेत माझी अब्रू जायची वेळ आली होती. ती राखली शिंपीणकाकूंनी, आणि तीही माझी चूक चारचौघांत सांगून.

मला वळलं काकूंच्या सासऱ्यांनी. त्या वर्षी विहीर अचानक आटली होती आणि गावातल्या अठरा घरांनी एकोणीस दिवस डबक्यातलं पाणी गाळून प्यायलं होतं. पुन्हा असं बेसावध राहायचं नाही, असं म्हाताऱ्याने मनावर घेतलं. मापाचा दोर ताणला गेला की खोटं बोलतो, म्हणून त्याने मला महिनाभर भिजवलं, वाळवलं, दगड बांधून लोंबकळत ठेवलं. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. मग हाताहातावर बावीस गाठी मारून, टोकाला लोखंडी वजन अडकवून त्याने मला नव्या सुनेच्या हवाली केलं.

"ह्याला घागर बांधू देऊ नकोस कुणाला," एवढंच तो म्हणाला.

काकूंनी ते तंतोतंत पाळलं. दर उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी सगळ्यात खाली गेलं की त्या मला कठड्यावरून सोडायच्या. वजन पाण्याला टेकलं की कठड्यापाशी मला चिमटीत धरायच्या आणि नेमक्या त्या जागी लाल दोऱ्याचा एक टाका घालायच्या. शिंपिणीचा हात तो, टाका कधी हलला नाही. उरलेलं वर्ष मी खुंटीवर. मुली मला दोरीच्या उड्यांसाठी पळवायच्या आणि काकूंची बोलणी खायच्या. मागचे टाके मात्र कधी कुणी निरखून पाहिले नाहीत, आणि तिथेच घोळ झाला.

एकवीस टाके अंगावर आले, त्या वर्षी बातमी आली. विहिरीच्या वरच्या कुरणावर चाळीस घरांची वसाहत होणार आणि तिला पाणी ह्याच विहिरीचं. शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. वसाहतीच्या इंजिनीअरबाई कागद घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाऊस संपल्या संपल्या विहीर मापली होती आणि कागदावर पाणी भरपूर होतं.

काकूंनी मला टेबलावर लांब पसरलं. पहिले तेरा टाके पंधराव्या गाठीपाशी, नंतरचे आठ सतराव्या गाठीपाशी. "आठ वर्षांत पाणी दोन हात खाली गेलंय," त्या म्हणाल्या. "चाळीस घरं आली तर आम्ही प्यायचं काय?"

लोकांनी बाकं दणाणून सोडली. मीही फुशारलो. सभा जिंकल्यातच जमा होती.

पण काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. पाणी उतरायचं तर हळूहळू उतरेल, एका वर्षात दोन हात कसं? त्यांनी मागच्या बाकावर बसलेल्या दिराकडे पाहिलं. दीर गवंडी. त्याने मान खाली घातली होती.

"भाऊजी, कठडा कधी वाढवलात तुम्ही?"

"वहिनी, आता कशाला ते?"

"कधी?"

"आठ वर्षं झाली. आमची पोरगी आत वाकली होती ना, तेव्हाच."

"किती वाढवला?"

"दोन हात," गवंडी पुटपुटला.

मित्रांनो, मला गाठीगाठीतून घाम फुटला. पाणी जागच्या जागी होतं. कठडा वर गेला होता, आणि मी भाबडेपणाने पाणी खाली गेल्याचं सांगत होतो. काकूंच्या मनात आलं असतं तर त्या मला गुंडाळून घरी नेऊ शकल्या असत्या. त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "मापात चूक झाली. पाणी खाली गेलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"काकूंनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला," मागून कुणीतरी म्हणालं. काकूंनी मला टेबलावरून इंजिनीअरबाईंपुढे सरकवलं.

इंजिनीअरबाईंनी मला उचललं. प्रत्येक टाका बोटाने चाचपला. "जुन्या कठड्यापासून तळ किती?" त्यांनी विचारलं.

"अठरा हात."

"आणि उन्हाळ्यात पाणी पंधरावर. म्हणजे तळाशी तीनच हात उरतं?"

"तेवढ्यातच भागवतो आम्ही. सांभाळून."

बाईंनी स्वतःचा कागद उलटा ठेवला. "मी एकदाच मापलं, तेही भरल्या विहिरीत. चूक माझीही आहे. तीन हातांत चाळीस घरं बसत नाहीत." आणि काकूंना म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात, तर ह्या दोराचं मी काहीच खरं मानलं नसतं."

पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या आणि कठड्यावर ओणवून स्वतः मापलं. आराखडा बदलला. चौदाच घरं झाली, तीही कुरणाच्या खडकाळ टोकाला एकमेकांना लागून, छपरावरचं पाणी साठवायच्या स्वतःच्या टाक्यांसह. बाकीचं कुरण मोकळं राहिलं.

आता मी जुना झालोय, दोन गाठी झिजल्यात. तरी माझ्याइतका सुखी दोर नसेल. वळणाऱ्या हातांचे, टाके घालणाऱ्या हातांचे, कठडा उंच करून एक पोर वाचवणाऱ्या गवंड्याचेही माझ्यावर उपकार आहेत. तुमच्या गावातलं पाणी तुम्हीही मापत जा, मित्रांनो, आणि मागचे टाके अधूनमधून पाहत जा.

परवा नव्या घरातली एक सून मापायला शिकायला आली. लाल टाक्यांमध्ये एकच काळा दोरा पाहून तिने विचारलं, "हा काय?"

काकू म्हणाल्या, "इथे आम्ही चुकलो होतो. आधी हा बघून घे, मग बाकीचे."