वाडग्यावरचा हिरवा रंग

"सर, आमच्या वाडग्यावर हिरवा रंग कुणी भरला?"

राजानंद सरांनी मानही वर केली नाही. जालन्यातल्या या लहानशा कंपनीचे ते मालक, आणि वर्षाराणी त्यांच्याकडे नकाशांचा कोड लिहिणारी. सकाळीच परतूरजवळच्या गावाहून तिच्या वडिलांचा, मल्हारींचा फोन आला होता. सौर प्रकल्पाचं जेसीबी मेंढ्यांच्या वाडग्यापाशी, म्हणजे त्यांना रात्री कोंडायच्या कुंपणापाशी उभं होतं आणि ड्रायव्हर मोबाइलमधला नकाशा दाखवून म्हणत होता, हिरवं ते सगळं साफ करायचं. नकाशा याच कंपनीचा. हिरवं म्हणजे गावातल्या काकासाहेबांनी प्रकल्पाला भाड्यानं दिलेलं शेत.

त्या शेताच्या ऐन मधोमध मल्हारींचं वाडगं होतं, शेजारी राहती खोप. खतासाठी शेतात मेंढ्या बसवून रान कसदार केलं म्हणून काकासाहेबांच्या आजोबांनी तेवढा तुकडा मल्हारींच्या आजाच्या नावावर करून दिला होता.

कोड उघडला आणि वर्षाराणीचं डोकं फिरलं. ब्राउझरमध्ये शेत रंगवायचं तर आधी त्याचे त्रिकोण पाडावे लागतात. शेताच्या पोटात दुसऱ्याची जागा असली, की बाहेरच्या हद्दीपासून त्या जागेपर्यंत एक वाट कापायची, नुसत्या रेघेची, रुंदी नसलेली. मग ती जागा सोडून त्रिकोण पडतात. ही वाट तिनं जीव ओतून लिहिली होती आणि सरांनी ती परस्पर उडवली होती.

"अगं, साध्या मोबाइलवर नकाशा अडकून राह्यल्ता," सर म्हणाले. "आता बघ कसा जल्दी उघडतो. अन् शेतातला आतला गोल म्हंजे विहीरच असती. विहिरीला रंग लागला तर काय बिघडतं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेग हवा तर डोकं चालवून मिळवावा. दुसऱ्याची जागा गिळून नकाशा पळवायचा, यात कसली आली हुशारी?

"विहीर म्हणून बुजवली तुम्ही, सर. तिथं माझी आई राहती."

पुढच्या आठवड्यात बघू, असं सर म्हणाले. तिनं तिथल्या तिथं वाट परत कोडात घातली, नवा नकाशा सर्व्हरवर चढवला आणि परतूरची बस धरली.

ती पोचली तोवर काट्यांचं कुंपण गेलं होतं. बांधावरून येणारी पायवाट उखडली होती. खोप तेवढी उभी होती, कारण वर्षाराणीची आई, आसराबाई, दारातून हललीच नव्हती. वर्षाराणीनं ड्रायव्हरला, हरिओमला, नकाशा पुन्हा उघडायला लावला. हिरव्याच्या मधे आता कोरी जागा दिसत होती. आपण नकाशात होतं तसंच केलं, असं तो पुटपुटला.

"मी मोबाइलात न्हाई दिसले," आसराबाई म्हणाली, "पर तुह्या म्होरं तर बसल्ते ना, बाबा?"

हरिओमनं जेसीबी मागं घेतलं.

उन्हं कलल्यावर मल्हारी जेसीबीपासून लांब नेलेल्या मेंढ्या घेऊन आले. सगळं रान उघडं पडलं होतं, कुठूनही आत शिरता आलं असतं. पण मेंढ्या त्या उखडलेल्या पायवाटेवरूनच एकामागे एक आल्या, नसलेल्या कुंपणाला वळसा घालून दाराच्या जागी थांबल्या. मल्हारींनी सवयीनं फाटक असायचं तिथं हात नेला, ते बाजूला सारल्यासारखं केलं, आणि मग मेंढ्या आत गेल्या.