बोकानेक

आधीच सांगून ठेवते, मी भित्री बाई नाही. माझं कपडे शिवायचं दुकान आहे आणि दिवसभर हातात कात्री असते. गिऱ्हाईक लाखात एक कापड घेऊन येतं, वर बजावतं की जपून हं, असं दुसरं मिळायचं नाही. मी खडूनं रेघ मारते आणि सरळ कात्री चालवते. माझा हात कापतो, पण कधी कापत नाही. कळलं ना? नसेल कळलं तर पुन्हा वाचा, मला वेळ नाही.

तर असली मी बाई एका बोक्यापायी पार वेडी व्हायची बाकी राहिले होते.

बोक्याचं नाव सरकार. मी टेबलावर कापड पसरलं की जिथे असतील तिथून सरकार येणार, धप्पकन उडी मारणार आणि नेमके खडूच्या रेघेवर बसणार. बाकी सगळं टेबल मोकळं असतं, पण नाही, रेघच पाहिजे. मी म्हणायचं, "उठा सरकार." त्यांनी म्हणायचं, "म्र्याँव." म्हणजे नाही. मग मी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचं, त्यांनी पुन्हा वर यायचं. असं दिवसभर चालायचं. मी येईल त्या गिऱ्हाइकाकडे त्याची तक्रार करायची, आणि खरं सांगायचं तर त्या तक्रारीवरच माझा दिवस जायचा.

पण सरकारांना बाहेरचा नाद लागला. जायचे ते जायचे, आणि यायचे ते मार खाऊन यायचे. शेवटच्या खेपेला आले तेव्हा कान फाटलेला, पाय लंगडा, आणि तोंडावर मात्र समोरच्याचं काय झालंय ते बघा असा भाव. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कान साफ केला आणि मला स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन करून टाका. नाहीतर एक दिवस हा परत यायचा नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं. आमचे हे बेकरीची गाडी चालवतात, धिप्पाड माणूस. ऐकलं आणि पायावर पाय टाकून घट्ट बसले.

"अगं, काही गोळ्याबिळ्या नसतात का?"

"नसतात."

"त्याला विचारलंस?"

"अहो, काय विचारू? सही घेऊ त्याची?"

"पुरुषाचं दुःख तुला नाही कळायचं," असं म्हणून सरकारांना मांडीवर घेऊन बसले. दोघांनी मिळून माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं स्वयंपाकाला लागले.

तरी माझं मन पक्कं होतं. ते ढिलं केलं नणंदबाईंनी. त्या शाळेत शिकवतात, आता निवृत्त व्हायच्या होत्या. निरोप समारंभाला घालायला म्हणून जांभळं रेशीम घेऊन आल्या. "बोटनेक कर हं," म्हणाल्या. "खांदे झाकलेले, गळा सरळ, एकदम शोभेसा." माप देता देता सरकारांचा विषय निघाला.

"बाई गं, नको करूस," त्या म्हणाल्या. "आमच्या शेजारणीनं केलं. नंतर तो बोका तिच्याकडे ढुंकून बघेना. तिनं दार उघडलं की हा तोंड फिरवायचा. शेवटी समोरच्या बिऱ्हाडात राहायला गेला, आणि रोज खिडकीत बसून हिच्याकडे पाठ करायचा. मुकी जनावरं सगळं लक्षात ठेवतात."

झालं. सरकार जिवंत राहावेत म्हणून न्यायचं, आणि ते माझ्या टेबलावर पुन्हा कधी चढलेच नाहीत तर? मला घास गोड लागेना. मग माझ्या डोक्यानं एक पळवाट काढली. नातं राहील की तुटेल हे आपल्या हातात नाही, पण टाके कसे पडतात हे तर आपल्याला कळतं! झोपताना, उठताना, काज करताना मी टाक्यांचाच विचार करायला लागले. डॉक्टरीणबाई धावदोरा घालतील की उलटी टीप? दोरा एकेरी की दुहेरी? गाठ कुठे मारतील? टोचली तर?

"तू काय त्याचा शर्ट शिवायला टाकतेयस का?" हे म्हणाले.

ठरल्या दिवशी सरकारांना उपाशी ठेवायचं होतं, म्हणून ह्यांनीही खाल्लं नाही. "तो उपाशी आणि मी त्याच्यासमोर पाव मोडू? शोभेल का?" ब्रेडच्या क्रेटमध्ये सरकारांना बसवलं, वर दुसरा क्रेट पालथा घालून सुतळीनं बांधला, आणि निघालो.

दवाखान्यात मी पर्समधून माझं रीळ काढून टेबलावर ठेवलं. "हा दोरा घ्या. मी स्वतः ओढून पाहिलाय, तुटत नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बोक्यांना टाके घालत नाही आम्ही."

"म्हणजे?"

"आतली शीर बांधतो. बाहेरचा काप छोटासा असतो, तो तसाच ठेवतो."

माझा पाराच चढला. "तसाच? कापायचं आणि शिवायचं नाही? अहो, मी असं काम केलं असतं तर गिऱ्हाइकानं माझं दुकान डोक्यावर घेतलं असतं! कच्चा टाका तरी घाला. नसेल जमत तर मी घालते, हात धुऊन येते."

"तो काप आपोआप मिटतो हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि टाके घातले की बोका चाटून चाटून उसवतो."

उसवतो म्हटल्यावर मला पटलं. गिऱ्हाइकाच्या सवयी बघून शिलाई ठरवावी लागते, हे मला कुणी शिकवायला नको. रीळ परत पर्समध्ये टाकलं.

बाहेर बाकावर हे बसले होते. उपाशी पोट आणि पायावर पाय, तोंड पांढरंफटक. तिथल्या मदतनीस बाईंनी ह्यांनाच पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुमचं झालं का?" मला असं हसू फुटलं की थांबेना. समोर एक कुत्रा बसला होता, तोसुद्धा दचकला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्यातलं हसण्याचं किती ते मला विचारू नका.

इतक्यात आतून आवाज आला, "झालं."

"एवढ्यात? मला काज करायलासुद्धा याच्याहून जास्त वेळ लागतो!"

सरकार घरी आले, झिंगल्यासारखे दोनदा दारावर आपटले आणि चिंध्यांच्या टोपलीत जाऊन झोपले. उठले तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ केली. अगदी नणंदबाईंच्या शेजारणीचा बोका! ह्यांच्या मांडीवर मात्र लगेच गेले. मी आतून ऐकत होते. हे त्याच्या फाटक्या कानाशी लागून सांगत होते, "मी नव्हतोच म्हटलं हं. सगळं हिचं डोकं."

"अहो! लाज नाही वाटत? माझ्या नावावर खपवता?"

"अगं, घरात एकाशी तरी त्याचं बरं असायला नको?"

जखम भरली, खाणं सुधारलं, बाहेरचा नाद सुटला. दुकानातही यायचे, पण टेबलाखालून शेपटी वर करून निघून जायचे. मी मखमल पसरली, गरज नसताना रेघा मारल्या. "या ना सरकार," म्हणून आर्जवं केली. छे! टेबल मोकळं आणि रेघ सरळ, सगळं कसं बिनबोभाट. मी इतकी वर्षं ज्याची तक्रार केली ते सुटलं होतं, आणि मला बसून रडू येत होतं. रडलेसुद्धा, लपवायचं काय त्यात.

निरोप समारंभ जवळ आला. मी जांभळं रेशीम पसरलं, गळ्याची रेघ मारली आणि कात्री घातली. निम्मी रेघ झाली असेल नसेल, तोच धप्प!

नेमके रेघेवर.

"म्र्याँव."

आणि जन्मात पहिल्यांदा माझा हात कापला. कात्री गळ्यावरून जी सुटली ती थेट खांद्यावर. मी काय केलं? कात्री ठेवली आणि त्याच्या पाठीत तोंड खुपसलं. "आलास? आलास रे माझ्या राजा?" त्यानं माझा टेप चावला. ते रेशीम तसंच त्याच्याखाली राहू दिलं, तो आपणहून उठेपर्यंत.

जे उरलं त्यातून काय जमेल ते जमवलं. दुसरा खांदाही तसाच कापला, कडेनं पट्टी लावली. नणंदबाई आल्या, घालून आरशासमोर उभ्या राहिल्या.

"अगं, हे काय? मी बोटनेक सांगितला होता ना?"

"ताई, हा बोकानेक. नवीन आहे."

ह्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"खांदे उघडे राहिले की गं." त्या डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. मग पुन्हा डावीकडे. हळूच हसल्या. "मुलांसमोर जन्मभर झाकूनच उभी राहिले म्हणा. असू दे. आणि हे केस कसले?"

"ते सरकारी आहेत, त्यांना हात लावता येत नाही."

त्या तशाच खांदे मिरवत समारंभाला गेल्या. मी पुढचं कापड पसरलं, खडू हातात घेतला. रेघ अजून मारलीसुद्धा नव्हती, तर सरकार वर हजर. रेघ कुठे येणार हे त्यांना आधीच ठाऊक.

"उठा सरकार."

"म्र्याँव."

"बरं, बसा," मी म्हटलं, आणि खडू खाली ठेवला.