थरथरता हात

टिंग, टिंग. कपात चमचा वाजला आणि स्वयंपाकघरातली शांतता फुटली. साखर कधीच विरघळली होती, पण धाकट्या दिराचा चमचा काही थांबेना. सासऱ्यांनी नुकताच निकाल दिला होता: आजपासून लाकूड कातायच्या लेथवर धाकटा. सुनेने पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचं.

"बाळंतपणापासून हात थरथरतो तुझा," ते म्हणाले. "खुर्च्यांचे आठ पाय वाया गेले. राग मानू नकोस."

राग मानू नकोस म्हणे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात उकळतं दूध, थेंब सांडत नाही. तेव्हा हा हात कुणाचा असतो? आणि पटाशी धरायला शिकवलं होतं ते याच सासऱ्यांनी.

पाच वर्षांच्या लेकीने हे सगळं ऐकलं. तिने आईच्या मनगटावर फुंकर घातली आणि बाहुलीची चिंधी गुंडाळून गाठ मारली.

बाळ झोपल्याबरोबर सून घरामागच्या कारखान्यात गेली. लेक पाठोपाठ. वाया गेलेला पाय तिने उजेडात धरला. अंगभर बारीक वळ्या, एकसारख्या अंतरावर. थरथरता हात इतका नेमका थरथरतो होय?

तिने वीज बंद केली, पट्टा उतरवला. पटाशीची धार नखावर पाहिली, शाबूत होती. पटाशी टेकवायच्या टेकणाचा नट आवळलेलाच होता. लाकूड ज्या दोन टोकांमध्ये धरतात, त्यातलं मागचं पुढे सरकवून पुढच्या दातेरी टोकाला भिडवलं, जुळलं. मग पुढचा फिरता दांडा मुठीत धरून तिने मागेपुढे हलवला.

खट.

पुन्हा हलवला. खट. दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग गेलं होतं. ती बाळंतपणाला गेली तेव्हा ते नवंकोरं होतं, आणि त्या सहा महिन्यांत लेथ होता दिराकडे.

सासरे आणि दीर आत आले. तिने पट्टा चढवला आणि बाजूला झाली. "भाऊजी, लाकूड कसं चढवता ते दाखवा ना."

"शिकायचंय वहिनीला," दीर हसला. त्याने लाकूड दातेरी टोकाला लावून धरलं, मोगरी उचलली आणि मागून दणके घातले. ठण, ठण, ठण. लाकडात दाते रुतले. दणका सरळ बेअरिंगात गेला.

"बाबा, तुम्ही मला काय शिकवलं होतं?" तिचा आवाज बारीक निघाला, पण कापला नाही. "टोक काढायचं, बाकावर लाकडात ठोकायचं, मग चढवायचं. मशीनवर घाव घालायचा नाही. पहिल्याच दिवशी एवढ्याचसाठी बोलणी खाल्ली होती मी."

सासऱ्यांनी लाकूड काढलं. दांडा धरून हलवला. खट. मग कोपऱ्यातल्या डब्यातून बेअरिंगची जोडी काढून तिच्या हातात दिली.

जुनं बेअरिंग गंजल्यासारखं घट्ट बसलं होतं. तिने ते दातओठ खात काढलं, नवं बसवलं. बाकावर पायात टोक ठोकून तो चढवला, पटाशी टेकवली. लांबलचक साल सुटत गेली आणि पाय गुळगुळीत उतरला.

सासऱ्यांनी त्यावर अंगठा फिरवला. "हं. मशीनच बिघडली होती तर. तूच उभी राहा लेथवर."

"मी म्हणतच होतो, काहीतरी गडबड आहे," दीर म्हणाला.

ती वाट पाहत राहिली. अजून एक वाक्य यायचं होतं, चार शब्दांचं: तुझा हात थरथरत नव्हता. सासऱ्यांनी चष्मा पुसला. दिराने मोगरी खुंटीला अडकवली. दोघं जेवायला गेले.

तिने टेकण इतकं आवळलं की पाना निसटून बोटं सोलवटली.

लेक जवळ आली. मनगटावरच्या भुशाने माखलेल्या चिंधीची गाठ सोडू लागली.

"आई," तिने विचारलं, "मग तुझा हात कधी बरा झाला?"