वेल्डाबाईंच्या खाटेशेजारचा जग

ज्या सकाळी वेल्डा किन्सर यांना शरीरातले पाणी आटल्यामुळे बेशुद्धावस्थेत इस्पितळात हलवले, त्या सकाळी त्यांच्या खाटेपासून हातभर अंतरावर पाण्याने काठोकाठ भरलेला एक जग ठेवलेला होता.

मित्रांनो, तो जग मी. मी एक जुना, फिकट निळ्या प्लास्टिकचा पाण्याचा जग आहे. माझे झाकण केव्हाच हरवले असून मुठीला एक बारीक चीर गेली आहे. सध्या माझा मुक्काम एका वकीलबाईंच्या कपाटात, क्रमांक लावलेल्या पारदर्शक पिशवीत आहे. भांड्याच्या वाट्याला असा मान सहसा येत नाही. आला, तर कुठेतरी काही वाईट घडले आहे असे समजावे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. एकाच साच्यातून माझ्यासारखे हजारो जग बाहेर पडले. आमच्यात फरक पडतो तो पुढे, कोण कोणाच्या उशाशी जातो त्यावरून. मी गेलो तो इंडियाना राज्याच्या दक्षिणेकडच्या, चुनखडीच्या खाणींच्या एका गावात, वृद्धांच्या शुश्रूषागृहात. त्या गावाखाली सगळा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे नळाचे पाणी जड. ते ज्या भांड्यात उभे राहील त्याला पांढरी पुटे धरतात. म्हणून तिथल्या घराघरांत किटल्या आणि जग व्हिनेगरने घासण्याचा परिपाठ आहे. कोणाची किटली पांढरी दिसली की शेजारीण हटकते, "काय गं, व्हिनेगर महागलं की हात दुखतात?"

माझी पहिली वर्षे चांगली गेली. माझा पहिला धनी होबार्ट साइप्स हा खाणीत क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. मी रिकामा झालो की तो मला टेबलावर आपटे आणि ओरडे, "अरे, इथं उपास चाललाय का? आणा पाणी!" मदतनीस बायका हसत, "आले हो आजोबा, गाव गोळा करू नका," असे म्हणत धावत येत. रात्री मुदपाकखान्यात माझी आंघोळ होई. दिवसभरात मी कितीदा रिकामा होई आणि कितीदा भरे. रिकामे होणे हेच जगाचे काम आहे, मित्रांनो. भरणे ही केवळ त्याची पूर्वतयारी.

पुढे ते शुश्रूषागृह दूरच्या एका कंपनीने विकत घेतले. भिंतींना नवा रंग लागला, दारात कारंजे आले आणि मदतनीस कमी झाल्या. मला मुदपाकखान्यात नेणे बंद पडले. प्रत्येक पाळीची मदतनीस दारातून घाईने आत येई, माझ्यात पाण्याची धार सोडून मला काठापर्यंत भरी आणि पुढच्या खोलीकडे वळे. जग भरलेला असावा, असा कंपनीचा नियम होता. तो कधी मोडला गेला नाही.

याच काळात वेल्डाबाई त्या खोलीत आल्या. त्यांनी शाळेच्या खानावळीत जन्मभर स्वयंपाक केला होता आणि त्यांच्या जिभेची धार सगळ्या गावाला ठाऊक होती. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर त्यांचा डावा हात आणि डावा पाय निकामी झाले होते. त्यांची मुलगी रोंडा शाळेची बस चालवते. आईला उचलून ठेवणे एकटीच्या हातून होईना, तेव्हा तिने मन घट्ट करून तिला इथे आणले.

दर रविवारी चर्चमधून निघाली की रोंडा पर्सिमन या तिकडच्या गोड रानफळाचे पुडिंग घेऊन येई आणि माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसे. वेल्डाबाईंचे तोंड मात्र पलीकडच्या भिंतीकडे असे.

"आई, इकडे बघ ना."

"बघतेय की," वेल्डाबाई भिंतीला सांगत.

"रागावलीयस माझ्यावर?"

"रागावू नको तर काय करू? पुडिंगात साखर घालायला विसरलीस पुन्हा."

रोंडा चमचा ओठांना लावी आणि त्या खात. पण तोंड वळत नसे. निघताना रोंडा डोळे पुसून माझ्याकडे नजर टाकी. मी भरलेला असे. "निदान पाण्याकडे तरी लक्ष आहे यांचं," असे पुटपुटून ती थोड्या हलक्या मनाने जाई. तपासणीला आलेले सरकारी अधिकारीही मला पाहून समाधानाने मान हलवीत.

जेवणाच्या वेळी कोणी भरवायला बसले, तर वेल्डाबाईंच्या पोटात घोट-दोन घोट दूध जाई. तेवढ्यावर त्या तगल्या. जुलैच्या उकाड्यात ते पुरेना, आणि मग ती सकाळ उजाडली.

इस्पितळात सलाइन लावल्यावर त्या शुद्धीवर आल्या. शुश्रूषागृहाच्या व्यवस्थापकाने तिथल्या तरुण डॉक्टर प्रुइट यांना सांगितले, की बाई पाणी नाकारतात. जग कायम भरलेला असतो, त्या त्याला हातही लावत नाहीत. डॉक्टरांनी रोंडाला बाजूला घेतले. ते सौम्यपणे म्हणाले, "या वयात काही माणसं स्वतःहून अन्नपाणी सोडतात. तुमच्या आईंची इच्छा तीच असेल, तर आपण सलाइन काढू आणि शेवटपर्यंत त्यांना त्रास होऊ देणार नाही. शुक्रवारपर्यंत विचार करून सांगा."

रोंडा आईचे सामान आणायला शुश्रूषागृहात गेली. स्वेटर, चष्मा, फोटो यांच्याबरोबर तिने माझ्यातले पाणी ओतून मलाही पिशवीत कोंबले आणि तशीच ती न्यायालयासमोरच्या कॉन्स्टन्स बॉयर यांच्या कचेरीत शिरली. शुश्रूषागृहांत हेळसांड झालेल्या माणसांच्या घरच्यांची बाजू या बाई मांडतात. वकिलीपूर्वी त्या प्रयोगशाळेत रसायनांचे पृथक्करण करीत. कोणाच्याही सांगण्यावर, मग तो स्वतःचा अशील का असेना, एकदम विश्वास ठेवायचा नाही ही त्यांची सवय तिथलीच.

"खटल्याचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय?"

रोंडाने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "मी तिला तिथं ठेवलं म्हणून तिनं पाणी सोडलं का?"

वकीलबाईंनी मला बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरले. माझ्या आत, काठाच्या किंचित खाली, एकच जाड पांढरी रेषा होती. तिच्याखाली मी स्वच्छ होतो.

"शी! व्हिनेगरचा थेंब लावला नाही मेल्यांनी," रोंडा म्हणाली.

"बरंच झालं नाही लावला ते." बाईंनी रेषेवरून बोट फिरवले. "जगातलं पाणी कोणी प्यायलं, तर पातळी खाली-वर होते आणि पुटं वेगवेगळ्या उंचीवर चढतात. इथं पाणी एकाच ठिकाणी उभं होतं. थोडं उडून जायचं, वरून तेवढंच भरलं जायचं. या जगातून बरेच दिवस कोणी प्यायलेलं नाही."

रोंडाचा चेहरा उतरला. "म्हणजे ते खरं बोलतात. तिनं नाकारलं."

"ती प्यायली नाही, एवढंच कळलं. नको म्हणाली, असं ही रेषा कुठं सांगते? दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या, बाई." मग त्यांनी खोलीची माहिती विचारली. खाट कशी होती? एका बाजूने भिंतीला टेकवलेली. टेबल? रोंडाच्या खुर्चीशेजारी, मोकळ्या बाजूला. आणि आई? आई सदा भिंतीकडे तोंड करून.

"भिंत तिच्या कुठल्या हाताला?"

"उजव्या."

"आणि गेलेला हात?"

"डावा."

 मला काखोटीला मारून वकीलबाई उठल्या.

इस्पितळात त्यांनी डॉक्टर प्रुइट यांना बोलावून घेतले, मला भरले आणि वेल्डाबाईंच्या डाव्या बाजूच्या टेबलावर ठेवले.

"वेल्डाबाई, पाणी हवंय?"

"हवंय म्हणजे? घशाचं पार लाकूड झालंय. कुठंय?"

"तुमच्या शेजारीच आहे."

वेल्डाबाईंनी उजवीकडची खिडकी न्याहाळली, पांघरूण चाचपले. "म्हातारीची थट्टा करता होय?"

वकीलबाईंनी टेबल खाटेला वळसा घालून उजवीकडे आणले. वेल्डाबाईंचा उजवा हात तत्काळ पुढे आला, मुठीला भिडला, आणि त्यांनी मला सरळ तोंडाला लावले. पाणी हनुवटीवरून गाऊनवर ओघळत होते. त्यांनी दम घेतला. "ग्लास नाहीत का तुमच्यात? गुराढोरांसारखं पाजताय ते!" आणि पुन्हा मला तोंडाला लावले. कितीतरी काळाने मी कोणाची तहान भागवून रिकामा झालो.

मग डॉक्टरांनी जेवणाचे ताट मागवले. वेल्डाबाईंनी ताटाची उजवी बाजू चाटून पुसून साफ केली आणि बटाटे वाढलेच नाहीत अशी तक्रार केली. बटाटे ताटाच्या डाव्या बाजूला होते. डॉक्टरांनी त्या बटाट्यांकडे बोट दाखवले. मग त्यांनी रोंडाला सांगितले, की मेंदूच्या उजव्या भागाला झालेली ती इजा हातापायापुरती नव्हती. आईचे डोळे शाबूत होते. परंतु डावीकडचे काही त्यांच्या ध्यानातच येत नव्हते, आणि येत नाही हेही त्यांना कळत नव्हते. "हे मी आधी तपासायला हवं होतं. शुक्रवारचं विसरा," ते म्हणाले.

रोंडा खाटेला वळसा घालून उजवीकडे आली.

"अगं, रोंडा!" वेल्डाबाईंचा चेहरा फुलला. "आज बरी वाट चुकलीस?"

"आई, मी दर रविवारी येते गं."

"आवाज यायचा तुझा. चमचाही यायचा. तू काही दिसायची नाहीस. मला वाटायचं, माझ्यासमोर यायला लाजतेस."

रोंडाने आईचा उजवा हात आपल्या गालावर धरला. डॉक्टर आणि वकीलबाई खोलीबाहेर गेले. मला न्यायचे कोणाला सुचले नाही, म्हणून मी हे सांगू शकतो.

खटला चालला. कंपनीच्या वकिलाने मला वर उचलून विचारले, की भरलेला जग उशाशी असताना हेळसांड झाली असे कसे म्हणता येईल? खाट भिंतीला का टेकवली होती, याचे उत्तर बॉयरबाईंनी व्यवस्थापकाकडून एकेका प्रश्नाने काढून घेतले. अखेर कंपनीने तडजोड मान्य केली: खाटा भिंतीपासून दूर घ्याव्या लागल्या, खोल्यांच्या प्रत्येक ओळीत आणखी एक मदतनीस नेमावी लागली आणि वेल्डाबाईंच्या दुसरीकडच्या शुश्रूषेचा भार उचलावा लागला. त्या नव्या जागी रोंडा आता उजवीकडे बसते आणि साखरेवरून बोलणी खाते.

मित्रांनो, तुमचे कोणी आजी-आजोबा खाटेला खिळलेले असतील, तर उशाशी भरलेला जग पाहून परत फिरू नका. त्यांच्या चालत्या हाताच्या बाजूला बसा, ग्लास त्या हातात द्या आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत थांबा. नुसत्या भरलेल्या जगावरून कोणाची तहान भागली की नाही, हे कळत नाही.

आता खाट भिंतीला टेकवण्याचे, व्यवस्थापकाच्या उत्तरांतून निघालेले कारण सांगतो. त्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांना मिळून कंपनीने एकच मदतनीस ठेवली होती. एकटीला खाटेच्या दोन्ही बाजू सांभाळता येत नाहीत, म्हणून प्रत्येक खाटेची एक बाजू भिंतीला टेकवली, म्हणजे तिकडून कोणी पडू नये. वेल्डाबाईंच्या खाटेची उजवी बाजू भिंतीला लागली. त्यामुळे टेबल डावीकडे आले, आणि डावी बाजू वेल्डाबाईंच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. त्यांनी पाणी नाकारले नव्हते. ते त्यांना कोणी दिलेच नव्हते.