गोविंदासाठी प्रार्थना

जयवंताबाई माझं बीपी तपासायला यायच्या आणि जाताना चहाही घ्यायच्या नाहीत. मला पहिल्यांदा खटकलं ते हेच. ज्याला चहा नको असतो, त्याला दुसरं काहीतरी हवं असतं.

नागपूरच्या प्रताप नगरात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर तिथल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी डबे करून पाठवू लागल्या. घराच्या दारावर लहानसा लाकडी क्रूस आहे. त्यामुळे माझा डोळा त्यांच्यावर आधीपासूनच होता.

देव घेऊन दारात येणाऱ्या माणसाला मी बिचकते. छप्पन साली मी सहा वर्षांची होते. आईनं शेजारणीकडून पांढरं लुगडं मागून आणलं होतं, आणि बाबांच्या खांद्यावर बसून मी धम्मदीक्षेची ती नागपूरची गर्दी पाहिली. माणसांपेक्षा पांढरा रंगच जास्त आठवतो. आमच्या गावी, सावनेरला परत आल्यावर बाबांनी देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरले आणि कोलार नदीत सोडले. त्यांत पितळेचा घोडा होता, वर खंडोबा बसलेला. त्या घोड्याशी मी खेळायची. मी रडले तर बाबा म्हणाले, "ज्याच्या दारात आपल्याले कधी येऊ देलं नाही, त्याच्यासाठी काय रडतं, सिंधे?"

तेव्हापासून आमच्या घरात देव नाही. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत. त्यांना आम्ही वंदन करतो, मागत काही नाही. मागायची सवयच राहिली नाही.

मग धम्मदीप प्यायला लागला.

धम्मदीप माझा मुलगा. लहानपणी कोळशाच्या खाणीतून त्याचे बाबा घरी आले की त्यांच्या बुटांची नाडी सोडायला धावायचा, तो. पंचेचाळिशीत त्याची नोकरी गेली आणि तो संध्याकाळचा बाहेर पडू लागला. सूनबाई मेघानं दोन वर्षं सोसलं आणि मग लेकीला घेऊन ती माहेरी गेली. पुण्याची माझी लेक नंदिनी फोनवर म्हणायची, "आई, तू त्याले घरात घेऊच नको." तिचं खरं असेल. पण फाटकाची कडी वाजेपर्यंत मला झोप यायची नाही.

जयवंताबाईंना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. बीपी पाहून त्याच म्हणाल्या, "सिंधूताई, तुम्ही कोणाची तरी वाट पाहून राहिल्या. गुरुवारी दुपारी आमच्याकडे या. आम्ही चार-पाच जणी बसतो."

"मले धर्म बदलायचा नाही," मी म्हणाले. "आमचा एकदा बदलून झाला."

त्या हसल्या. "बसायला या म्हटलं. बदलायला नाही."

गेले. बघू तरी काय करतात, म्हणून गेले. चटईवर पाच बायका. एक गाणं झालं, थोडं वाचन झालं, आणि मग त्यांची एक रीत मला कळली. प्रत्येक बाई आपल्या लेकराचं नाव सांगते, पण त्याच्यासाठी प्रार्थना दुसरीच करते. आठवडाभर आपलं लेकरू दुसरीकडे आणि दुसरीचं आपल्याकडे.

"असं काहून?" मी विचारलं.

शोभाताई नावाच्या एक जाड चष्म्याच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या पोरासाठी आपण प्रार्थना करत नाही वं ताई, भांडतो. दुसरीच्या पोरासाठी माणूस नीट बोलतो."

मला ते पटलं नाही. माझी आजी सांगायची, परक्या बाईला लेकराचं नाव सांगू नये, केस देऊ नये, कपडा देऊ नये. नाव एकदा हातात गेलं की त्याचं कोण काय करील, सांगता येत नाही. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. बाहेरून आमच्या भाजीवाल्याची हाक आली आणि माझ्या तोंडून त्याचंच नाव गेलं.

"गोविंदा," मी म्हणाले. "माझा मुलगा गोविंदा. पितो."

"गोविंदा मी घेते," जयवंताबाई म्हणाल्या. "तुम्ही माझी सुरुची घ्या."

सुरुची त्यांची मुलगी. दुबईला नर्स आहे. काहीतरी बोलाचालीवरून रागावून गेली ती गेलीच, आईचा फोन उचलत नाही.

घरी येताना मी खूश होते. त्यांनी जाळं टाकलं आणि मी त्यात भाजीवाला सोडून आले.

पण सुरुचीचं काय करायचं? ती पोरगी तर खरी होती. मला प्रार्थना येत नव्हती. संध्याकाळी भाकरी थापताना मी तिचं नाव घेऊ लागले. सुरुची, आईला फोन कर. सुरुची, तब्येत सांभाळ. हे कोणाला सांगते आहे, ते मी बोलत नव्हते. भिंतीला म्हणा. एवढं मात्र खरं की तेवढा वेळ माझी छाती मोकळी असायची. याचाही मला संशय आला. चटईवर बसताना त्यांनी पाणी दिलं होतं, त्यात काही नव्हतं ना?

तरी पुढच्या गुरुवारी गेले. त्याच्या पुढच्याही. जयवंताबाई डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभू, गोविंदाले सांभाळ. त्याच्या आईले झोप दे." ती झोप मला लागायची, याची मला लाज वाटायची.

त्याच सुमाराला धम्मदीपचं काहीतरी बदललं. संध्याकाळी जायचा तसाच जायचा, पण परत येताना तोल जायचा नाही. मी दार उघडताना मुद्दाम जवळून वास घ्यायची. दारूचा वास नव्हता. वास लसणाचा होता.

"लसूण काहून खाऊन राहिला गा एवढा?"

"चांगला असते," म्हणाला आणि आत गेला.

दारूचा वास लपवायला माणसं काय काय चघळतात, मला ठाऊक आहे. पण वास तोंडाला नव्हता, हातांना होता. माझं डोकं फिरायची वेळ आली. हे कुठलं नवीन व्यसन? शेवटी एका संध्याकाळी तो निघाल्यावर पाच मिनिटांनी मीही पायांत चपला घातल्या.

तो लांब गेलाच नाही. गल्लीच्या टोकाला वळला आणि क्रूसाच्या दारात शिरला.

म्हणजे मी इकडे भाजीवाल्याचं नाव देऊन हुशारी करत होते, आणि यांनी माझं खरं पोरगं आधीच नेलं होतं. मी फाटक ढकललं. व्हरांड्यात दिवा होता. खाली सतरंजीवर धम्मदीप मांडी घालून बसला होता, पुढे सुपात लसणाचा ढीग. समोर जयवंताबाई मेथी निवडत होत्या.

"माझ्या पोराले फितवून राहिल्या तुम्ही," मी म्हणाले. "म्हणून चहा नको होता काय तुम्हाले?"

जयवंताबाईंनी मेथीची काडी मोडली. "तुमचं पोरगं तर गोविंदा ना?"



"गोविंदा कोण वं आई?" धम्मदीपनं विचारलं. "भाजीवाला?"

"तू चूप बस."

"बसलोच तर आहे. महिना झाला बसून राहिलो." त्यानं पाकळी सोलून वाटीत टाकली. "इथून दुकानावर जायचा रस्ता आहे. एक दिवस बाईंनी हाक मारली, म्हणे पोरगी आली नाही कामाला, लसूण सोलून दे. दुसऱ्या दिवशी पण हाक मारली. हात गुंतले की पाय तिकडे वळत नाही."

"अन प्रार्थना?"

"मी नाही करत. मले नाही जमत ते. बाई करते, मी सोलतो."

मी जयवंताबाईंकडे वळले. "मले सांगितलं काहून नाही?"

"त्यानं नको म्हटलं. म्हणे, परत पडलो तर आईचा आणखी एकदा भरवसा मोडन. त्याचं घर कोणतं ते मले मागून समजलं."

"म्हणजे गोविंदा खोटा आहे, हे तुम्हाले माहीत होतं."

"होतं."

"तरी दर गुरुवारी डोळे मिटून..."

"तुम्ही जे नाव देलं ते मी घेतलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सुरुचीचं घेता का?"

मी मान हलवली. भाकरी थापताना, एवढंच म्हणाले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि त्या बाईला काय हवं होतं ते मला त्या क्षणी दिसलं. तिलाही फाटकाची कडी वाजायला हवी होती.

मी सतरंजीवर बसले. गुडघे दुखतात, पण बसले. सुपातला एक गड्डा घेतला.

"त्याचं नाव धम्मदीप," मी म्हणाले. "आता हे घ्या."

"घेतलं."

"अन गोविंदा?"

"त्याले काहून सोडू? तोही कोणाचा तरी असनच."

धम्मदीप हसला. त्याचं हसणं मी कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना.

त्या रात्री भाकरी थापताना मी सुरुचीचं नाव घेतलं, आणि पहिल्यांदाच ज्याला सांगते आहे त्याचंही घेतलं. येशू, म्हणाले. एवढंच म्हणाले आणि तव्यावरची भाकरी जळेपर्यंत तशीच उभी राहिले. बाबांचा घोडा आठवला. बाबांनी जो देव नदीत सोडला, तो आम्हाला दारात घेत नव्हता. हा मात्र एका खोट्या पोरासाठी महिनाभर ऐकून घेत होता.

धम्मदीप मागच्या आठवड्यात परत पिऊन आला. मी दार उघडलं, त्याला पाणी दिलं, आणि रात्री झोपले. झोप लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाली मान घालून लसूण सोलायला गेला, आणि मी त्याच्या मागे नाही गेले.

मला तो म्हणतो, "आजोबानं देव सोडले, अन तू आणून राहिली."

"मी काहीच आणलं नाही," मी सांगते. "भिंत पाहून घे." भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबच आहेत. आणि हेही लिहून ठेवते की जयवंताबाई अजून चहा घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ॲसिडिटी होते. माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही.