परात निसटली नव्हती

माझी सून कुंदा हिला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मधुमेह जडला. इन्सुलिनची सुई ती स्वतःच दोन वेळा टोचून घेई, कुरकुर न करता. त्याचे मला कौतुक होते, पण ते मी कधी बोलून दाखवले नाही.

१९९२च्या उन्हाळ्यात तिची पाठ ताठ होऊ लागली. वाकणे बंद झाले. कुकरची शिटी झाली तरी ती जागच्या जागी थिजे. दोनदा पडलीसुद्धा. पिंप्राळ्यातले आमचे डॉक्टर "साखर उतरली असेल" म्हणत आणि इन्सुलिन कमी करत.

माझी धाकटी जाऊ भागाबाई शिंदखेड्याहून आली होती. ती म्हणाली, "अक्का, हाई बठ्ठं नाटक शे. पोळ्या लाटाना कटाळा शे तिले."

मी तिला गप्प केले. मत मात्र माझेही तेच होते. नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका असताना मी मुलींची पुष्कळ सोंगे पकडली होती. हेही पकडू, असे मी ठरवले.

दुसऱ्या दिवशी कुंदा मागच्या दाराशी पाठमोरी उभी होती. मी फळीवरची पितळी परात उचलली आणि तिच्या मागे फरशीवर टाकली.

ती ओरडली नाही. तिचे सारे अंग आवळले आणि खांब कोसळावा तशी ती पडली. सावरायला हातदेखील पुढे आले नाहीत. मनगट मोडले. डोळे उघडे होते, शुद्ध पूर्ण होती, आणि ती माझ्याकडे पाहत होती.

माझा मुलगा पितांबर धावत आला. "परात निसटली," मी म्हणाले. त्याने तिच्या तोंडात साखर घालायचा प्रयत्न केला. दातखीळ बसली होती. साखर फरशीवर सांडली.

पुढल्या महिन्यात आम्ही तिला धुळ्याला नेले. मुंबईचे मज्जातंतूंचे एक डॉक्टर तिथे महिन्यातून एकदा येत. त्यांनी कागद वाचले आणि विचारले, "पडण्याआधी काय झालं होतं? घाम, थरथर, भूक?"

"साखरच उतरली होती," पितांबर म्हणाला.

"कोणी पाहिलं?"

कुंदा खाली बघत राहिली. डॉक्टर इन्सुलिन आणखी कमी करण्याचे लिहू लागले होते. मला समजले, की मी गप्प राहिले तर हिच्यावर भलतेच उपचार चालू राहतील.

"मी पाहिलं," मी म्हणाले. "घाम नव्हता. आवाज झाला आणि त्याच क्षणी ती पडली. शुद्धीवर होती. परात निसटली नव्हती, डॉक्टर. मी टाकली होती. हिचं सोंग आहे का, ते पाहायला."

पितांबरने माझ्याकडे पाहिले नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. बराच वेळ तपासून ते म्हणाले, की हा आजार फार विरळा. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. तिनेच आधी हिचा मधुमेह आणला असावा, आता ती मज्जातंतूंमागे लागली आहे, म्हणून आवाजाने किंवा अचानक स्पर्शाने सारे अंग आवळते. "मोठा आवाज नको. आणि हात लावायचा तर आधी सांगून लावा."

जिन्यात मी कुंदाला विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"आई, तुमच्या हातून भांडं कधी पडत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे माझं कोणाला खरं वाटलं असतं?"

परतीच्या एसटीत ती दोघे पुढच्या बाकावर बसली, मी त्यांच्या मागे. कंडक्टरने दार आपटले आणि तिचे खांदे आवळलेले मला दिसले.

"कुंदा, मी खांद्यावर हात ठेवते आहे," मी म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबले. पारोळा गेले, एरंडोल आले, तरी माझा हात माझ्याच मांडीवर होता.